मिक्सरच्या आवाजातली पेटी

नव्या फ्लॅटमधली एक गंमत तुम्हाला सांगायची राहिलीच! असोद्याहून जळगावात राहायला आले, तसं रोजचं बसमागे धावणं सुटलं आणि संध्याकाळ मोकळी मिळायला लागली. म्हणून पेटी शिकायला घेतली. पण या वयात सा-रे-ग-म म्हणजे शेजारी हसणारच. मग मी आधी रिकामा मिक्सर चालू करायची आणि त्या घरघरीत पेटी वाजवायची. "मोटर जळेल एक दिवस," असं नवरा ओरडायचा.

एकदा बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या अक्का. मूळच्या पारोळ्याकडच्या, सत्तरीच्या, अहिराणी बोलणाऱ्या आणि एकदम फटकळ. मला वाटलं, झालं, आता पेटी बंद होणार.

"अक्का, त्रास होतोय का हो?" मी घाबरतच विचारलं.

"व्हस ना माय! तो मिक्सर बंद कर. तुनी पेटी ऐकू येस नही!"

अक्का सरळ आत आल्या, स्वतःच्या हाताने मिक्सर बंद केला आणि पेटीसमोर मांडी घालून बसल्या. गावाकडे त्या भजनात गायच्या म्हणे. इथे मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांचं गाणंच थांबलं होतं.

"वाजाड," त्या म्हणाल्या.

मी पेटीचा भाता उघडला. म्हटलं, "अक्का, माझं फार चुकतं हो."

"चुकू दे. मी मोठा आवाजमा गासू, कोनले समजाव नही!"