तीन ठिपके

बहीण : थांब, पुसू नकोस. हे बघ, दादा. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. पेन एकदाच टेकवलंस आणि उमटले तीन. मधला ठसठशीत, बाजूचे दोन फिकट.

दादा : तेच तर फोनवर सांगत होतो. पेशंटला डोळ्याची आकृती काढून दाखवायला जातो, तर बुबुळाला मिशा फुटतात. मोतीबिंदू माझ्या टॅबलेटलाच झालाय म्हण.

बहीण : आणि अक्षरं?

दादा : एक दाबलं की दोन. परवा एकीला 'ननमस्कार' गेला. डॉक्टर तोतरे झाले असं वाटलं असणार बिचारीला.

बहीण : तुला बीटा घ्यायला सांगितलं कुणी? अर्धीकच्ची आवृत्ती असते ती. कंपनी म्हणते, वापरा आणि चुका शोधून द्या. फुकट राबतोयस त्यांच्याकडे.

दादा : पेनाची नवी सोय होती त्यात. हाताला स्थिर करते म्हणे.

बहीण : हाताला?

दादा : रेघेला. रेघेला म्हणायचं होतं मला.

बहीण : बरं. नंतर अपडेट आले असतील की.

दादा : येतात, पण अर्ध्यात अडकतात. रीस्टार्ट केलं, जागा मोकळी केली, दवाखान्यातलं वायफाय सोडून घरचं लावून पाहिलं. ढिम्म हलत नाही.

बहीण : बघू दे... दादा, हे अडकलेलं नाही. 'नंतर आठवण करून द्या' दाबलेलं आहे. प्रत्येक वेळी.

दादा : चुकून लागलं असेल बोट.

बहीण : प्रत्येक वेळी?

दादा : एक दाबलं की भलतंच लागतं, सांगितलं ना.

बहीण : 'नंतर'लाच बरं नेमकं लागतं.

दादा : तू रसायनं तपासतेस की लोकांची उलटतपासणी घेतेस?

बहीण : मला कारण हवंय. दोन गोष्टींवर संशय असला की एक आधी साफ करून घ्यायची. मी बीटा काढते, सगळं पुसते आणि पक्की आवृत्ती कोरी घालते. तुझ्या आकृत्या, फोटो संगणकावर उतरवलेत. उघडूनही पाहिलेत. आणखी काही ठेवायचंय?

दादा : नाही... आजच करायला हवं का?

बहीण : तूच बोलावलंस. पुसू?

दादा : पूस बाई.

(टॅबलेट केबलने संगणकाला जोडलेला. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ सावकाश भरते आहे.)

दादा : तुझी वहिनी काही बोलली का?

बहीण : कशाबद्दल?

दादा : असंच.

बहीण : हल्ली कपाखाली बशी नको म्हणतोस, एवढंच म्हणाली.

दादा : वाजते बशी.

बहीण : हं.

दादा : आमची ज्युनियर म्हणते, सर, आज मी करते ऑपरेशनं, तुम्ही शेजारी बसा. फार गोड बोलते. मी म्हणतो, बघू. दिवाळखोरासारखा रोज उद्यावर ढकलतो.

बहीण : रेघ भरली. भाषा निवड.

दादा : निवड ना तूच.

बहीण : तुझ्या बोटाने निवडायची. हं. आता पेन घे. कोरं पान, एकच ठिपका.

दादा : ...तीन.

बहीण : हं.

दादा : पेन बिघडलं असेल.

बहीण : आण इकडे. हा माझा ठिपका. एकच आला. पेन तेच, पानही तेच.

दादा : मग काच?

बहीण : काचही तीच, दादा. परत टेकव. या वेळी मनगट टेबलावर ठेव.

दादा : दोन.

बहीण : टेबलाने एक कमी केला.

दादा : अगं, कधीतरी खोटं बोलायला शीक.

बहीण : शिकले असते तर मला बोलावलं नसतंस. लेकाला सांगितलं असतंस. त्याने चुटकीसरशी करून दिलं असतं आणि तुझ्या हाताकडे पाहिलंही नसतं.

दादा : डोळ्यातल्या भिंगामागे एक पडदा असतो. केसाहून कितीतरी पातळ. हत्याराचं जरा टोक लागलं की फाटतो.

बहीण : तुझ्याकडून फाटलाय कधी?

दादा : नाही. परवा मात्र टोक आत न्यायच्या आधी मी थांबलो. खोकल्याचं निमित्त केलं. ज्युनियरने पाहिलं, नर्सने पाहिलं. पुढचं ज्युनियरनेच केलं.

बहीण : हात थरथरण्याची कारणं पुष्कळ असतात. काही अगदी साधीही असतात. तपासून घे.

दादा : घेईन. ते नंतर.

बहीण : परत नंतर?

दादा : तपासणी नंतर, म्हटलं. हसू नकोस. माझा फोन दे इकडे... हॅलो, मी बोलतोय. उद्या सकाळच्या ऑपरेशनांचं. सगळी तू कर. ...हो, येईन की, शेजारी बसेन. पण हात लावणार नाही. उद्याही नाही आणि यापुढेही नाही.