रविवारची खूण

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राजरत्न साळवे, व्यासपीठावरील मान्यवर, दवाखान्यातले कर्मचारी बंधुभगिनी, गिरगावातले माझे शेजारी, टीबीची औषधं पूर्ण करून बरे झालेले आणि अजून घेत असलेले माझे सारे सहप्रवासी, आणि जिथे बसायचा आग्रह केला तिथे न बसता कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलेल्या आपल्या हेल्थ व्हिजिटर, लतिकाताई मयेकर, सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं हेडक्लार्क होतो, त्यामुळे दहा म्हणजे दहाच. माझी सून सलोनी आणि नात मनू तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझी जागा जाऊ नये म्हणून सलोनीने शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली आहे. तेव्हा मला लवकर आवरायलाच हवं.

लतिकाताई सत्तावीस वर्षांत किती जिने चढल्या असतील? अध्यक्षांनी आत्ताच आकडे सांगितले, मी त्यात पडत नाही. मला एकाच रुग्णाची खडान्‌खडा माहिती आहे. तो रुग्ण म्हणजे मी.

सहा वर्षांपूर्वी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मला फुप्फुसाचा टीबी झाला. चाळीत ही बातमी कळू नये म्हणून मी जेवढी धडपड केली, तेवढी नोकरीत बढतीसाठी केली नव्हती. ताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, विम्याच्या बाई आहेत. ताईंनी ते ऐकलं, हसल्या आणि म्हणाल्या, “काका, तसं खोटं नाहीये ते.” मनू तेव्हा चार वर्षांची. घरात लहान मूल असलं की त्याला खबरदारीची गोळी सुरू करतात, तशी तिला सुरू झाली. म्हणजे आमच्या घरात दोन कार्डं आली, एक आजोबांचं, एक नातीचं. गोळी घेतली की त्या दिवसाच्या घरात बरोबरची खूण करायची.

पहिले दोन महिने मी मन लावून गोळ्या घेतल्या. सलोनी सकाळी गोळ्या आणि दूध हातात द्यायची. खोकला थांबला, वजन चार किलोने वाढलं, मनू पुन्हा मांडीवर येऊन बसू लागली. मग आमच्यासारख्या हुशार माणसाला जो प्रश्न पडतो, तोच मला पडला. बरा झालोय, तर या गोळ्या कशाला? सकाळभर मळमळायचं, चहा गोड लागायचा नाही. सलोनीची पाठ वळली की मी गोळ्यांचं पाकीट खिशात टाकायचो. मात्र कार्डावर खूण न चुकता करत होतो. माझ्या कामात खाडाखोड कधी नव्हती.

तिसऱ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ताई आल्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता टापटिपीचं कौतुक होणार.

त्यांनी विचारलं, “काका, रविवारची गोळी किती वाजता घेतलीत?”

मी तोऱ्यात म्हणालो, आठ वाजता.

“रविवार परवा आहे.”

मंडळी, कार्यालयात आम्ही शनिवारची सही शुक्रवारीच उरकत असू. शनिवारी यायचं नसेल तर हजेरीपटावर आदल्या दिवशी काम करून ठेवायचं, ही आमची जुनी रीत. चौतीस वर्षांचा हात, तो कार्डावरही तसाच चालला. शनिवार आणि रविवार, दोन्ही घरं मी भरून मोकळा झालो होतो.

त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त हात पुढे केला. मी कपाटातली जुनी ब्रीफकेस काढली आणि न घेतलेली सतरा पाकिटं त्यांच्या हातात दिली. पाकिटांना मी रबरबँडही लावला होता. ते बघून ताईंना हसू आवरेना, आणि पुढच्याच क्षणी त्यांचे डोळे भरून आले. मला त्या रडण्याची फार लाज वाटली.

थुंकीची पुन्हा तपासणी झाली. जंतू परत दिसले. ते आता औषधाला दाद देतात की नाही, याचा निकाल यायला आठ दिवस होते. आणि त्या सतरा दिवसांत मनू रोज माझ्या मांडीवर बसली होती, म्हणून तिचीही तपासणी पुन्हा करायची ठरली. ते आठ दिवस मी आतल्या खोलीत दार लावून काढले. मनू दारावर थापा मारायची. ‘आजोबा, मी माझी गोळी घेतली, तुम्ही घेतली का?’ असं रोज विचारायची. ती चार वर्षांची पोर तिची गोळी रोज इमानाने घेत होती. तिच्या कार्डावरची एकही खूण खोटी नव्हती.

निकाल चांगले आले. औषधं लागू पडत होती, मनू ठणठणीत होती. माझे उपचार मात्र लांबले. ताई म्हणाल्या, घरच्या माणसांना तुम्ही गुंडाळता, आता बाहेरचं माणूस बघते. त्यांनी पाठवल्या मंजुळाबाई, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आमच्या वाडीत मासे विकायला येणाऱ्या. वर्षापूर्वी त्यांचं स्वतःचं औषध पूर्ण झालं होतं. दहाच्या ठोक्याला टोपली उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, मला गोळ्या गिळायला लावायच्या आणि म्हणायच्या, तोंड उघडा. मी कुरकुर केली, माझ्यावर विश्वास नाही का?

“कल्ला उघडून बगितल्याशिवाय पापलेट घेता काय काका? मग मी पन जीभ वर केल्याशिवाय टिक मारनार नाय.”

पुढचे सगळे महिने माझा कल्ला रोज तपासला गेला. मी बरा झालो. नंतर ताईंनी मलाही त्याच कामाला लावलं. आजवर नऊ जणांची तोंडं मी उघडून बघितली आहेत, आणि ती सगळी माणसं आज बरी आहेत. मंजुळाबाई मागे उभ्या आहेत, त्यांनाही माझा नमस्कार.

आता एक काम राहिलं आहे. त्या शुक्रवारी जाताना ताई दारात थांबल्या होत्या. म्हणाल्या, “जंतू परत दिसले तर सूनबाईंना मी तेवढंच सांगेन. का दिसले, ते तुम्ही सांगायचं.” मी क्लार्कच, विचारलं, कधीपर्यंत? त्या म्हणाल्या, “मी रिटायर व्हायच्या आत.”

मला वाटलं, भरपूर मुदत आहे.

सलोनी, जंतू परत आले तेव्हा तू ताईंना विचारलंस, मी दुधाबरोबर गोळ्या दिल्या म्हणून असं झालं का? ताई नाही म्हणाल्या, पण तुझी खात्री पटली नाही. मी शेजारी बसलो होतो आणि गप्प राहिलो. आजही माझी साधी रक्तदाबाची गोळी देताना तू दोनदा विचारतेस, बाबा, दुधाबरोबर चालेल ना? दर वेळी मी हो म्हणतो आणि दूध पितो. सहा वर्षं झाली.

दुधाचा काही दोष नव्हता, सलोनी. तुझा तर नव्हताच. मी गोळ्या घेतच नव्हतो. आणि मनू, आजोबा तुझ्यावर रागावले नव्हते. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून दार उघडत नव्हते.

दवाखाना पाच वाजता बंद होतो, तेव्हा ताई निवृत्त होतील. माझ्या घड्याळात पाचला दहा कमी आहेत. ताई, काम मुदतीत झालं आहे, एवढी नोंद असू द्या. तुमच्यामुळे मी जिवंत आहे आणि माझी नात धडधाकट आहे. याहून मोठे आभार मला मानता येत नाहीत.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी मला तिसऱ्या रांगेत मागायची आहे. सलोनी, पर्स उचललीस तर मी तिथे येऊन बसतो. नाही उचललीस तरी चालेल, मी मागे मंजुळाबाईंजवळ उभा राहीन.