कोरड्या हातांचं कटर

—नाही नाही, आधी बसा. तक्रार उभ्याने ऐकायची नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. बूट राहू द्यात दारात, त्या हिरव्या सपाता घाला. त्या नको, त्या बायकोच्या आहेत. नामिए! अगं नामिए, चहा टाक! — अरे हो, ती घरी नाहीये, बाजारात गेलीये. म्हणजे चहा माझ्या हातचा प्यावा लागणार, तुमचं नशीब. अंगठा बघितला मी. बघितला म्हणजे काय, दारातून आधी अंगठाच आला, मागून तुम्ही आलात! केवढं ते बँडेज! दुसऱ्या कुठल्या गावात असं बोट बांधलेलं दिसलं तर लोक विचारतील — काय हो, दारात सापडलं का, कुत्रं चावलं का? आमच्या सेकीत एकच प्रश्न. कोणाचं पातं? शेकडो वर्षं हे गाव धार लावतंय, आधी तलवारींना, आता कात्र्यांना, सुऱ्यांना, वस्तऱ्यांना — इथे बँडेजला दुसरं कारणच नसतं. आणि तुम्ही आलात सरळ माझ्याकडे. हिबिनोकडे. म्हणजे पातं माझं. आता ते तोंड उघडू नका, मी काही नाकारत नाहीये. आणि ती काखेतली फाइल असू द्या काखेतच. त्यात सगळं लिहून आणलंत, कळलं मला. आधी माझं ऐका, मग वाचा.

तुम्ही भिंतीला कागद लावणारे. कसं ओळखलं? अहो, पॅन्ट बघा की! गुडघ्यापर्यंत पांढरे डाग. खळ. खळीचा माणूस मी शंभर पावलांवरून ओळखतो, माझा सख्खा मेव्हणाच त्या धंद्यात आहे, नागोयात. त्सुनेओ त्याचं नाव. त्याच्यावर मी येणार नाही. तर हे — हेच ना? हेच कटर? घ्या हातात. उजवा नको, तो बिचारा बांधलाय, डाव्यात घ्या. वजन बघा. जड नाही, हलकं नाही. बटण बघा, मुठीच्या वर जराही येत नाही, एप्रनच्या खिशात घाला, काढा, कुठे अडकणार नाही. अडतीस वर्षं मी ही सरकत्या पात्याची कटरं करतोय, पण असं रूप कशाला आलं नव्हतं. आता पातं काय, पातं कोणीही करील — या गल्लीत दगड मारा, पातं करणाऱ्यालाच लागेल. कस लागतो तो पातं धरून ठेवण्यात. ते सरकलं पाहिजे आणि सरकता कामा नये. दोन्ही. एकाच वेळी. नामिएला मी हे समजावून सांगत होतो तर म्हणते, त्यात काय, तुमच्यासारखंच की — कामाला हलत नाही आणि वादाला थांबत नाही. घ्या!

आणि तुम्हा लोकांचं तर मला पाठ आहे. एक काप मारायचा, कडक्, पात्याचा तुकडा मोडायचा. पुढचा काप, पुन्हा कडक्. कागद ओला, धार जराशी गेली की कापत नाही, ओढते, आणि कागद फाटतो. बाकी जगाला एक पातं वर्षभर पुरतं, तुम्ही दुपारपर्यंत डबी संपवता. म्हणजे दिवसाला तीन-चारशे वेळा अंगठा बटणावर. त्या अंगठ्यासाठी मी हे केलं हो! ढकला. टक्. अजून ढकला. टक्, टक्. आहाहा. आवाज ऐकलात? एकेक टक् म्हणजे आतला दात एकेका खाचेत बसला. बसला की बसला. मग हत्तीने रेटलं तरी पातं आत जायचं नाही. — मग तुमचं कसं गेलं? तेच तर. थांबा, मी सांगतो. तुम्ही छताच्या कडेला लोखंडी पट्टी लावलीत, पातं काढलंत, टक् झालं, तुम्हाला वाटलं बसलं, जोर दिलात — आणि पातं सर्रकन आत, हात पुढे, अंगठा पट्टीच्या धारेवर. हो की नाही? हो ना? — मला कसं माहीत? मला... आता अडतीस वर्षं म्हणजे काय कमी झाली?

चहा घ्या. कडू झालाय, मला कळतंय तुमच्या तोंडावरून. बरं, म्हणजे तुम्हाला वाटेल हिबिनोने न तपासताच माल काढला. अजिबात नाही! दहा हजार वेळा सरकवलं मी हे. मोजून. एकदाही चुकलं नाही. पण — आता तुम्ही आलाच आहात तर सांगतो — कोरड्या हाताने. आम्ही सेकीची माणसं पात्याला हात लावायच्या आधी हात धुतो, पुसतो, पुन्हा पुसतो. ओलाव्याचा थेंब लागला की उद्या गंज. लहानपणी मी ओल्या हाताने पातं उचललं म्हणून वडिलांनी अशी एक ठेवून दिली की अजून कान गरम होतो. त्यामुळे ओल्या हाताने कटर धरायचं हे आमच्या डोक्यातच येत नाही. देवळात बूट घालून जाण्यासारखं आहे ते. आणि तुमचे हात? सकाळी आठला खळीत बुडतात ते संध्याकाळी बाहेर येतात! ती खळ अंगठ्यावरून बटणाखाली जाते, बटणाखालून खाचेत जाते, तिथे वाळते, आणि दात अर्ध्यातच टेकतो. टक् होतं. पण बसत नाही. इथेच सगळं घोडं पेंड खातंय.

हे मला कुणी सांगितलं? कुणी कशाला सांगायला हवं, मला काय अक्कल — बरं. त्सुनेओने. झालं समाधान? गेल्या महिन्यात पाच नग त्याला दिले होते, वापरायला आणि ओळखीच्या कारागिरांना वाटायला; तुमच्या हातात आलं ते त्यातलंच असणार. आठवड्याने फोन. "दाजी, हे सुक्या हाताचं कटर आहे. खळ लागली की खटका खोटं बोलतो. चक्री परत लावा." चक्री! तुम्ही जुनं मॉडेल वापरलंय ना? त्याच्या पाठीवर एक बारीक चक्री असायची, पातं काढा, चक्री पिळा, घट्ट. दिसायला गबाळी, पिळायला वेळखाऊ, आणि ती कोणाची कल्पना? नऊ वर्षांपूर्वी, याच खोलीत, वाम-भाताचा दुसरा डबा फस्त करताकरता साहेब म्हणाले, "दाजी, पाठीवर एखादी चक्री का नाही टाकत?" झालं! तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्षाच्या जेवणाला, सगळ्या नातेवाइकांसमोर, हे उंटावरचे शहाणे ग्लास वर करून विचारतात, "काय दाजी, माझी चक्री कशी चाललीये?" माझी चक्री! अडतीस वर्षांतली कटरं माझी आणि चक्री तेवढी याची! आणि सगळे हसतात. नामिएसुद्धा हसते.

म्हणून मी या वेळी चक्री काढून टाकली. — नाही, म्हणजे म्हणून नाही. सुबक दिसावं म्हणून. एका अंगठ्याने काम व्हावं म्हणून. असं बघू नका माझ्याकडे... म्हणूनच काढली. हो. त्या एका चक्रीपायी मी दोन वर्षं बसून चक्रीशिवायचं कटर केलं. आणि तो फोनवर म्हणाला चक्री लावा, तर मी म्हटलं, "हात पूस मग!" आणि आपटला फोन. त्याला तीन आठवडे झाले. बहीण-भाऊ बोलतात, आम्ही नाही. नामिए माझ्याशी बोलते पण आमटी वाढताना पळी जरा जोरात आपटते.

आणि खरं सांगू का? सांगतोच, तुमचा अंगठा गेलाय, तुमचा हक्क आहे. परवा ती अशीच बाहेर गेली होती. मी स्वयंपाकघरात गेलो, भाताची पेज काढली, चांगली दाट, अंगठ्याला फासली, आणि दहा वेळा पातं काढून लाकडावर दाबलं. सात वेळा बसलं. तीन वेळा नुसतं टक् म्हणालं आणि आत पळालं. दहात तीन! मेव्हणा खरा निघाला. मी काय केलं असेल? कटर धुतलं. पुसलं. खोक्यात ठेवून दिलं. ती बघा दाराशी खोकी, सहाशे नग, चार वाजता ट्रक येतोय, ओसाकाचा घाऊक व्यापारी वाट बघतोय. त्या सहाशेतलं ते कुठलं, आता मलाही सांगता येणार नाही. हे मी नामिएलाही बोललेलो नाही. कुणालाच नाही. लाज वाटते हो. माझ्याच वयाला माझी लाज वाटते.

आणा ती फाइल. काय लिहिलंय ते वाचतो, औषधाचं, बुडालेल्या कामाचं, जे असेल ते — हे काय? "रविवारी सकाळी सातला गल्लीतली गटारं साफ करणे, प्रत्येक घरातून एक माणूस व एक खराटा." अहो, हा तर गल्लीचा सूचनांचा बोर्ड! घरोघर फिरतो तो! वाचा, शिक्का मारा, पुढच्या घरी द्या — तुम्ही बोर्ड द्यायला आलात? कोण आपण? कोपऱ्यावर? ते नवीन उदोनचं दुकान निघालंय, ते तुम्ही? म्हणजे या पॅन्टीवर पीठ आहे? उदोनच्या शेवयांचं? आणि अंगठा? — पातेल्याचं झाकण. गरम झाकण! भाजलाय! कापलाच नाही!

हसा, हसा. मोठ्याने हसा, मीही हसतोय की. अरे देवा! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. हात दाखवून अवलक्षणसुद्धा म्हणतात, फक्त इथे हात तुमचा आणि अवलक्षण माझं! आणि तुम्ही मगापासून "अहो, मी—", "अहो, मी—" करत होता, मला वाटलं आता शिव्या सुरू होणार. तुम्ही आयुष्यात कधी भिंतीला कागद लावला नाही. माझं कटर आज पहिल्यांदा बघितलंत. मग ही एवढी सगळी उसाभर — बरं झालं म्हणायचं का? बरंच झालं. म्हणजे तक्रार नाहीच. शिक्का मारतो, हा बघा मारला. हिबिनो सेइगो. तुम्ही निघाल पुढच्या घरी, चारला ट्रक येईल, सहाशे जातील. तुम्ही कुणाला सांगणार? उदोन खाणाऱ्यांना? तुम्ही भले दिसता, नाही सांगणार. झालं. मिटलं.

तुमचं म्हणणं राहिलंच की हो. आता तरी बोला, आता मी अडवत नाहीये. — काय? हळू बोललात, ऐकू आलं नाही. दुकानात कागद? पुढच्या सोमवारी? तुमच्या भिंतींना कागद लावायला माणूस येतोय. तरुण आहे? आणि कटर नवंच घेणार म्हणतोय. अहो, हे कशाला सांगितलंत मला! तुम्हाला कुणी विचारलं होतं! म्हणजे तो छताशी शिडीवर उभा राहणार, अंगठ्याला खळ, टक् होणार, त्याला वाटणार बसलं — आणि खाली तुम्ही पीठ मळत असणार. आणि मी? मी इथे बसून दारातून येणाऱ्या प्रत्येक बोटाकडे बघणार. एक भाजलेला अंगठा दिसला तर पोटातलं सगळं बाहेर पडलं माझ्या. उद्या खरोखरचा कापलेला आला म्हणजे?

हॉर्न! ऐकलंत? चार वाजले नाहीत अजून, हा माणूस आयुष्यात कधी लवकर येत नाही आणि आज — सरका जरा, खिडकी उघडू द्या. ओ मात्सुबारा! ओऽ! परत जा! — हो, रिकामाच जा! — अरे काही झालं नाही रे, माल काढायचा नाहीये! — ओसाकाला मी सांगतो! — शिव्या दे, दे शिव्या, गाडीतून उतरून माझ्याही दोन घेऊन जा! — गेला. गेला हो. हुश्श. कसं मोकळं वाटतंय बघा, खरंच.

फोन कुठे ठेवला मी. हा. नंबर पाठ आहे, तीन आठवडे रोज अर्धा फिरवून ठेवून देतोय. तुम्ही निघा आता. चहा राहू द्या, तो माणसाने प्यायच्या लायकीचा नाही. बोर्ड डावीकडच्या घरी द्या, बाईंना कमी ऐकू येतं, कडी जोरात वाजवा. आणि त्या अंगठ्याला काहीतरी थंड लावा, पीठ मळत बसू नका. जा, जा — रिंग जातेय — हॅलो. त्सुनेओ? मी. दाजी. — नाही रे, नामिए ठणठणीत आहे. — नाही, कुणी गेलेलं नाही. ऐक, मला काय म्हणायचंय — नाही. मला काही म्हणायचं नाही. तू सांग. ते खळीचं, चक्रीचं, पहिल्यापासून सगळं सांग. — अरे खरंच. मध्ये बोलत नाही.

...हं.