सकाळच्या पाळीतला एक कर्मचारी

हा कागद मी घडी करून ठेवते. काका, माइक चालूच राहू द्या.

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य सर, मंचावरील पाहुणे, आज ज्यांचा निरोप आहे त्या आमच्या बाई, आणि मित्रमैत्रिणींनो. कागदावरचं भाषण कार्यालयाने तपासून दिलं होतं. बाई स्वखुशीने निवृत्त होताहेत, असं त्यात आहे. ते मला वाचता येणार नाही.

आपल्या कॉलेजच्या अंकाचं प्रत्येक पान छपाईआधी बाईंकडे जायचं. त्या मजकूर कापत नसत. समासात दोन प्रश्न लिहीत. कोणी सांगितलं? छापल्यावर सांगणाऱ्याचं काय होईल? दुसऱ्या प्रश्नाला आम्ही हसायचो. इतकी माया लावायची तर पाळणाघर काढू या, असं मीच एकदा म्हणाले होते. बाई म्हणाल्या, तिथेही तुला ठेवणार नाही.

प्रयोगशाळेतला धूर ओढणारा पंखा दोन महिने बंद होता. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. ही बातमी मला ज्याने दिली, त्याची एकच अट होती, नाव नको. मी शब्द दिला. त्या दिवशी बाई रजेवर होत्या आणि मला घाई होती. पान मी परस्पर छापायला पाठवलं. त्यात लिहिलं होतं, ‘सकाळच्या पाळीतल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलं.’

सकाळच्या पाळीत कर्मचारी किती आहेत, सर? तीन. तिघांनाही तुम्ही बोलावलंत. तिघेही नाही म्हणाले.

बोलायचा हक्क कायदा देतो, हे बाईंनी शिकवलं आणि आम्ही पाठ केलं. पण पाळी लिहू नकोस, हे कोणता कायदा सांगणार होता? बातमी खरी होती. पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. चूक तरीही माझीच.

मग ज्यात त्याचं नाव होतं, ती माझी टिपणवही मागितली गेली. ती बाईंच्या कपाटात होती. सर समजुतीने म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहू द्या. बाई म्हणाल्या, “शब्द तिने दिलाय. कुलूप मी उघडणार नाही. हवं तर लेखी मागा.”

लेखी कोणी मागितलं नाही. बाईंचा राजीनामा मात्र लेखी घेतला.

काल बाईंनी वही मला परत दिली. सर, यापुढे मला विचारा.

ते तिघेही आज सभागृहात आहेत. मी मान वर करून बोलत नाही, याला सभाधीटपणाचा अभाव समजू नका. नजर एकावर थांबेल, याची भीती वाटते.

बाई, तुमचे आभार मानायला मला अजून नीट येत नाही. तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. छापण्यात झालं, त्याची माफी त्या तिघांकडे मागते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्राचार्यांनी मला बोलावून वही मागितली. मी दिली नाही. तिघेही कामावर आले होते.