दमानं घेणारं मशीन

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर घाटनांदूरच्या नीलम्मा बसल्या होत्या. शेजारची अनोळखी बाई बोलती झाली.

"सकाळी आत श्वासाचं मशीन कशापायी वरडत होतं, मावशी?"

"आमचे मालक मशीनशी भांडायलते. हे श्वास सोडायचे, तवाच ते हवा कोंबायचं."

"मंग भांडू नये म्हणून झोपीचं इंजेक्शन दिलं?"

"न्हाई. डॉक्टरीनबाई लई येळ त्यांच्या छातीकडं बघत बसली. मंग एक कळ फिरवली. आता मालकांनी श्वास घेतला, की मगच मशीन हवा देतंय. त्यांच्यासाठी थांबतंय बघ!"

"लोखंडाचं असून?"

"व्हय. चाळीस वर्सं मालक पुढं, मी मागं पळत. 'जरा दमानं चाला,' म्हणायची. एकदा थांबले न्हाईत."

"आता?"

"मालकांना घरी नेताना डॉक्टरीनबाईला इचारणार हाय, ती कळ कुठली होती."