शोभाच्या हातची कॉइल

माह्यं मूळ गाव पिंपळगाव राजा, बापाची शेती चार भावात वाटली तं माह्या वाट्याले बांधच आला म्हणा ना, मंग आलो मलकापुरले अन् मोटरा बांधाले शिकलो. आता तुम्हाले मोटर बांधणं म्हणजे काय ते ठाव नसन. विहिरीवरची मोटर जयाली, आतून करपून बंद पडली की तिच्या पोटातली जयेल तार काढा लागते अन् नवी तांब्याची तार वेढे मोजून भरा लागते, तार गुंडाळून जी लडी होते तिले कॉइल म्हणतात. पंचक्रोशीत कोणालेबी पुसा, म्हणतीन मोटर बांधावी तं दादानंच, म्हणजे म्या, दहा वर्सं पाहा लागत नाही. अन् हेच तं मले खाऊन राह्यलं ना बाप्पा.

काऊन म्हणता? तं तेरा वर्सं झाले, माह्या बोटायले वात धरला, बोटं मुडपेच ना. आमच्या घराच्या मांगं शोभा राहे, नवरा मालधक्क्यावर हमाल, लय गरीब सोभावाची बाई. तिले लाकडाचा फर्मा नेऊन देला, ज्याच्यावर तार गुंडाळतात तो, अन् एकडाव करून दाखोलं. एकच डाव, खोटं नाही सांगत. ती कामाले बसली की पह्यले हातातल्या काचेच्या बांगड्या काढे, वाटीत ठेवे, मंगच तारेले हात लावे. बांगडी लागली की तारेवरचं पॉलिश खरचटते अन् मोटर पुन्हा जयते, हे म्या नाही शिकोलं तिले, तिचं तिनंच वयखलं. तेव्हापासून कॉइल तिची अन् नाव माह्यं. म्या तिले सांगेल होतं, गिऱ्हाइकापाशी बोलू नको वं बाई, बाईनं बांधली म्हटलं की लोकं मोटर वापस नेतीन. ती म्हणे हाव भाऊ. बारा वर्सं हाव भाऊ. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी.

मंग परसाली बुलढाण्याहून बलावणं आलं. लोकायले नव्या तऱ्हेनं काम शिकोतीन अशा संस्थायले, बचत गटायले सरकार अनुदान देणार होतं, अन् कोणाले द्याव हे ठरोणाऱ्या समितीत एक कामातला जाणकार माणूस पायजे म्हणे. बायको म्हणे, पाहा बाई, सायबाच्या मांडीले मांडी लावून बसतीन आता! इस्त्रीचा सदरा घालून गेलो. एक एक जण येऊन सांगे, कोणाचं संगणकाचं, कोणाचं मोबाईलचं, अन् अचानक दारातून शोभा आत आली, तिच्या बचत गटाकडून. तिनं मले पाह्यलं अन् तिचं तोंड असं फुललं, काय सांगू तुम्हाले. तिले वाटलं आपला भाऊ बसेल आहे, आता काय भेव.

तिचं म्हणणं साधं होतं. गावोगावच्या बारा बाया घेतो, त्यायले मोटर बांधाले शिकोतो, म्हणजे मोटर जयाली की शेतकऱ्याले मलकापुरले चार चार दिवस खेटे घाला लागत नाही. तिनं एक कॉइल आणेल होती, सायबानं ती माह्या हातात देली अन् पुसलं, दादा, तुम्हीच सांगा, बायाइच्यानं जमन काय हे काम?

अहो, ती कॉइल म्या रोज पाहून राह्यलो होतो! एक वेढा इकडचा तिकडं नाही. पण मनात आलं, ही गेली तं माह्या दुकानात गुंडाळीन कोण? म्या म्हटलं, साहेब, एक कॉइल जमते, पण रोजचं काम नाही जमत, बाईच्या हातात बांगड्या असतात, तार खरचटते, शेतकऱ्याची मोटर जयीन. साहेबानं तिच्या हाताकडं पाह्यलं. बुलढाण्याले आली म्हणून हातभर नव्या बांगड्या भरेल होत्या तिनं.

तिनं एवढं जरी म्हटलं असतं ना, की साहेब, या दादाच्या दुकानातल्या बारा वर्साच्या कॉइली पुसा कोणी बांधल्या, तं मी तठीच खाली पडलो असतो. पण तिनं ते म्हटलं नाही. माही इज्जत राखली तिनं. कॉइल उचलली अन् गेली. अनुदान दुसऱ्याच कोणाले भेटलं.

दुसऱ्या दिवशी सकायीच आली. फर्मा धुऊनपुसून आणेल. म्हणे भाऊ, हा तुमचा फर्मा. बस. ना भांडली, ना रडली. देल्या असत्या दोन शिव्या तं बरं झालं असतं.

यंदा जिनिंगातली, म्हणजे सरकी काढाच्या कारखान्यातली, मोटर पाहाले गेलो होतो तं ती तठी कापसातला कचरा येचून राह्यली होती. मले पाहून पाणी घेऊन आली, म्हणे घ्या भाऊ, उन्हाचे आले. हातात बांगड्या वाजत होत्या. जिनिंगात काढा लागत नाही ना त्या. 

आता पुन्हा अर्ज घेऊन राह्यले म्हणे. सायबाकडं गेलो, सगयं खरं बोललो, तं साहेब म्हणे दादा, लेखी द्या. माह्यं शिक्षण चौथी, तुम्हाले बलावलं ते याच्याचसाठी. ती पुन्हा अर्ज करीन का नाही, ते तिची मर्जी, मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण कागद तं पायजे ना तठी. लिवा, माह्या दुकानातली बारा वर्साची एकूणएक कॉइल शोभाच्या हातची आहे. अन् हेबी लिवा, की कामाले बसाच्या आंधी ती बांगड्या काढून वाटीत ठेवते, अन् हे मले समितीत बसलो तेव्हा ठाव होतं. लिवलं? वाचून दाखवा बरं.