परवाच्या सभेतला प्रश्न

—नाही गं बेबी, घाल की साखर, मीही घालते आता. सोडली होती ती तुझ्या ह्यांच्यासाठी. आठवतं ना, कुलगुरूपदासाठी नावं मागवली होती, तेव्हा मी देवापुढे हात जोडून बोलले होते, निवड होईपर्यंत गोडाचा कण जिभेवर ठेवणार नाही. पाळलं मी ते. आता तुझ्यापासून काय लपवायचं — बोलले होते ते आमच्या ह्यांच्यासाठी. थोरलीचा नवरा आणि धाकटीचा नवरा एकाच विद्यापीठात प्राध्यापक, दोघांची नावं त्या निवड समितीकडे गेलेली — मग मी आधी कुणाचं मागणार होते, सांग? पण ह्यांचं नाव पहिल्याच चाळणीत गळलं. मग नवस अर्ध्यावर टाकायचा का? बरं दिसतं का ते देवापुढे? मी आपला तोच उचलला आणि तुझ्या ह्यांच्या नावावर केला. आणि बघ, लागू पडला! हसू नकोस, मनापासून केला होता. म्हणजे पहिले एक-दोन दिवस जड गेलं, मग मनापासून.

इकडे बस, ती खुर्ची डुगडुगते. आम्हाला सवय आहे, तुला राहिली नसेल. ड्रायव्हरला आत बोलावू का चहाला? बरं, राहिलं. किती अदबीनं दार उघडतो गं तो तुझ्यासाठी! मी खिडकीतून बघत होते — बघत कसली, दोरीवरचे कपडे काढत होते, तेवढ्यात दिसलं. आणि ही पर्स नवी ना? छान आहे. नाही, खरंच छान आहे, मी उगाच कशाला म्हणेन. पदवीदान समारंभात पहिल्या रांगेत बसली होतीस तेव्हाही माझ्या शेजारणीला मी म्हटलं, ती माझी बहीण. तिला खरं वाटेना. म्हणाली, मग तुम्ही इतक्या मागे कशा? मी म्हटलं, मागून जास्त चांगलं दिसतं. आणि तुझ्या ह्यांच्या त्या झग्याचा काठ उसवला होता तो मीच शिवला होता ना, तू आदल्या दिवशी घेऊन आली होतीस, तुला सुई धरता येत नाही म्हणून. मी मागून सगळा वेळ तो काठच बघत होते. नीट बसला होता.

हो, सांगितलं ह्यांनी. फोन ठेवल्या ठेवल्या सांगितलं. त्या लांबच्या कॉलेजच्या तपासणी समितीचे अध्यक्ष! कुलगुरूंनी स्वतः नेमलंय! ऐकतेस ना आतला आवाज — बूट घासतायत सकाळपासून. इतक्या वर्षांत कुणी ह्यांना कशाचं अध्यक्ष केलं नव्हतं गं. मला म्हणाले, बघ, साडूला माझी किंमत कळली. मी म्हटलं, कळली खरी. मग विचारलं, जायचं कधी? म्हणाले, परवा. आणि अधिसभा कधी आहे? तर तीही परवाच. — नाही नाही, तू कशाला ओशाळतेस, तारखा काय तू ठरवतेस? तारखा कार्यालय ठरवतं. मला एवढंच माहीत आहे की अधिसभेत सदस्य विचारतील त्याला कुलगुरूंना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, मग ते कितीही मोठे असोत, आणि ज्यानं प्रश्न दिलाय तो सदस्य हजर नसला तर म्हणतात ‘सदस्य अनुपस्थित’, आणि लगेच पुढचा प्रश्न. झालं. संपलं. आमच्या ह्यांचा प्रश्न परवाच आहे, आणि हे परवाच अध्यक्ष होऊन गाडीत बसणार. देवाची लीला म्हणायची, दुसरं काय.

मागे घ्यायचा? प्रश्न? असं सरळ विचारलंस ते बरं केलंस, बेबी. मी म्हणतच होते, ही चहाला आली असेल तर चहा गार का करतेय. नाही, मी चिडले नाही. मी कधी चिडते का? पण तुला तो प्रश्न माहीत तरी आहे का, की घरी नुसतं ‘तुझ्या ताईच्या नवऱ्यानं खोड काढलीय’ एवढंच म्हणाले? मग ऐक. बहिःस्थ विभाग आहे ना — होता ना — नोकरी करणारे, घर सांभाळणारे, वर्गात न बसता परीक्षा देणारे, त्यांचा. तो सुट्टीत बंद झाला. सुट्टीत कुठल्याच परिषदेची बैठक नसते, तेव्हा कुलगुरूंनी तातडीचा अधिकार वापरला. आता तसा अधिकार असतो त्यांना, मी नाही म्हणत नाही. कुठं आग लागली, पूर आला, तर बैठकीची वाट बघत बसायचं का? पण वापरला की पुढच्या बैठकीत परिषदेपुढे ठेवावं लागतं, असं-असं केलं, ह्या कारणानं केलं. तेवढं राहिलं. त्यानंतर बैठक झाली, नाश्ताही झाला म्हणे, पण हा विषय काही आला नाही. मग प्रश्न एवढाच आहे — आग कुठं लागली होती?

मी गेले होते ना तिथे. परीक्षेचं काही कळेना म्हणून गेले. ज्या खिडकीपुढे आम्ही रांगेत उभं राहायचो, पुढे एक नर्स असायची, मागे तो शिंपी असायचा, गुणपत्रिका हातात घेऊन घाम पुसणारा — तिथे आरसा लावलाय. भला मोठा. मला आधी वाटलं खिडकीच आहे, मी आपली वाकून विचारायला गेले, तर समोर मीच. आत पलंग, पडदे. पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात म्हणे, मोठे लोक येतात बाहेरून, त्यांना हॉटेलात ठेवणं शोभत नाही. पडदे तू निवडलेस ना? तिथला माणूस कौतुकानं सांगत होता, बाईसाहेबांची निवड. फिकट निळे. छान आहेत. तुला लहानपणापासून रंगाचं कळतं. मला कधी कुणी विचारलंच नाही रंगाचं, आई म्हणायची, ताईला कुठलाही चालतो.

मी तिथे कशाला जायचे? — बेबी, मी रांगेत कशाला उभी राहीन? तुला ठाऊक नव्हतं? खरंच? बरं. आता निघालंच आहे तोंडून. माझं शेवटचं वर्ष होतं. हो, ह्या वयात! हसायचं असेल तर हस. बाबांनी माझं लग्न केलं तेव्हा कॉलेज सुटलं, पुढे तुला शिकवलं — चांगलंच केलं, तू हुशार होतीस. तू पदवीचा झगा घालून फोटो काढलास तो अजून आईच्या कपाटावर आहे. मी पुसते तो, जाते तेव्हा. दर वेळी पुसते, आणि दर वेळी मनात येतं, की हिच्या जागी — जाऊ दे. देवापुढे बसले तरी मनात येतं, आणि मग त्याचीच माफी मागावी लागते. म्हणून म्हटलं, आपण गुपचूप शिकू, निकाल लागला की एकदम तुला दाखवू. मला तुझं तोंड बघायचं होतं गं. तेवढंच एक बघायचं होतं.

काय म्हणालीस? ह्यांना कायद्यातलं एवढं बारीक कधी कळायला लागलं? नाहीच कळत. हे कागद नाकाला लावतात आणि झोपतात. प्रश्न मी लिहिला. ह्यांनी फक्त सही केली, तीसुद्धा, उगाच घरात वाद नको म्हणून. आणि बूट घासून परवा निघतीलही, मी थांबवणार नाही, डबासुद्धा बांधून देईन. त्यांच्या वाट्याला एकदाच आलंय, जाऊ देत. पण सदस्य हजर नसला तरी दुसरा सदस्य त्याच्या वतीनं उभा राहू शकतो, तेवढी सोय आहे नियमात, मी विचारून घेतलंय. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत ना, पदवीधरांनी निवडून दिलेल्या, मोठ्या आवाजाच्या — त्या उभ्या राहणार आहेत. त्यांना अध्यक्ष व्हायची हौस नाही आणि कुणाच्या साडू-मेहुण्यात त्या नाहीत, तेव्हा —

अगं बाई. हे मी कुणाला सांगतेय?

थांब, उठू नकोस. पर्स ठेव खाली. बस जरा. माझी जीभ बघ कशी — आयुष्यभर सांभाळली आणि तुझ्यापुढेच घसरली. आता तू घरी जाशील, ते विचारतील, काय म्हणाली ताई? आणि सभेआधी त्या बाईंनाही कुठल्यातरी समितीत बसवतील. नाहीतर सभाच पुढे ढकलतील, तोही अधिकार असेलच त्यांना कुठला तरी.

बेबी, मला तुझ्या ह्यांचं वाईट नाही करायचं. खरंच नाही. ते वाईट नाहीत, घाबरट आहेत — रागावू नकोस, तूच म्हणाली होतीस एकदा. माझं म्हणणं एवढंच, की त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, का बंद केलं ते. चुकलं म्हणाले तरी मी टाळ्या वाजवीन, मागे बसून. विभाग उघडतील, माणूस चांगला आहे, एकदा उभा राहिला की सुचेल त्यांना. मला आशा आहे. पण उभं तर राहू देत.

मी तुझ्या घरासाठी साखरेचा नेम धरला होता, कुणासाठी का सुरू झालेला असेना, पुरा तुझ्यासाठीच केला. तू एक धर. सोपा आहे. परवापर्यंत ह्या गोष्टीबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही. त्यांनी विचारलं तर म्हणायचं, ताईनं चहा दिला. खोटं नाही ते. धरशील? कर ना गं बेबी. माझ्यासाठी आजवर कुणीच कधी काही धरलेलं नाही.